दिव्याची मर्यादा

काशीच्या दुर्गाघाटावर मोटार पोहोचत नाही. मैदागिनच्या बाजूने निघालेल्या गल्ल्या वळत वळत गंगेकडे उतरतात. त्या इतक्या अरुंद आहेत की समोरून एखादा सांड आला, तर माणसाला भिंतीला पाठ लावून उभे राहावे लागते. पेशव्यांचे गुरू म्हणून ओळखले जाणारे नारायण दीक्षित पाटणकर यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे पक्का घाट बांधविला. पुढे दुर्गाघाट, ब्रह्मघाट आणि पंचगंगा या परिसरात महाराष्ट्रीय घराण्यांची वस्ती वाढत गेली. या वस्तीत अंधार पडल्यावर वाट दाखविणारा दिवा कित्येक पिढ्या माणसाच्या हातात असे. आधी तो कंदील होता, नंतर विजेरी आली. हातातल्या दिव्याचा एक गुण असा की, तो धरणाऱ्याच्या मनाप्रमाणे खाली-वर होतो. गल्लीत समोरून कोणी आले की कंदील धरलेला हात आपोआप पायांकडे जातो. ही रीत कोणी कोणाला शिकविलेली नाही. समोरच्याचे दिपलेले, मिटलेले डोळे हातभर अंतरावर दिसतात आणि हात लाजून खाली येतो.

मोटारीच्या दिव्यामागे बसलेल्या माणसाला समोरच्याचे डोळे दिसत नाहीत. रात्रीच्या रस्त्यावरील बहुतेक अविचाराचे मूळ या एका गोष्टीत आहे. माणूस तोच असतो, त्याचे संस्कारही तेच असतात. परंतु काचेच्या आणि दिव्याच्या आड बसल्यावर त्याला समोर माणूस दिसेनासा होतो, केवळ दोन दिवे दिसतात. आणि दिव्याला लाजावे असे कोणालाच वाटत नाही.

दुर्गाघाटाच्या पायऱ्यांवर कार्तिकातल्या संध्याकाळी बसले असता दोन प्रकारचे दिवे दृष्टीस पडतात. लागूनच पंचगंगा घाट आहे. तेथे कार्तिक महिनाभर उंच बांबूंच्या टोकांना टोपल्यांतून आकाशदीप टांगतात. दोरी ओढून दिवा वर चढवावयाचा, म्हणजे परलोकी गेलेल्या पितरांना वाट दिसते, अशी त्यामागची श्रद्धा आहे. अहिल्याबाई होळकरांच्या नावाशी जोडलेला हजार दिव्यांचा दगडी दीपस्तंभही याच घाटावर असून कार्तिकी पौर्णिमेच्या रात्री तो उजळतो. दुसरे दिवे दिसतात ते प्रवाहाच्या खालच्या बाजूला, राजघाटाच्या पुलावर. १८८७ साली वाहतुकीस खुल्या झालेल्या या पुलाला आज मालवीय पूल म्हणतात. त्याच्या खालच्या मजल्यावरून आगगाडी जाते आणि वरच्या मजल्यावरून रस्ता. घाटावरून पाहणाऱ्याला ते सरकते दिवे मोठे रम्य वाटतात. पुलावर एकमेकांसमोर आलेल्या दोन चालकांना मात्र ते तसे वाटत असतीलच असे नाही.

काशी आणि महाराष्ट्र यांना जोडणारा रस्ता पुरातन आहे. १८५७ साली वरसईहून उत्तरेकडे निघालेले विष्णुभट गोडसे बंडाच्या धामधुमीतून वाचले आणि अखेर आईवडिलांच्या स्नानासाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी परतले. त्या काळी वाटसरूचा दिवस सूर्याबरोबर मावळत असे. रात्र धर्मशाळेत किंवा देवळाच्या ओवरीत काढावयाची, हा प्रवासाचा नियमच होता. पुढे डांबरी रस्ते झाले. काशीपासून मिर्झापूर, रेवा, जबलपूर, सिवनी, नागपूर असा उतरत जाऊन कन्याकुमारीपर्यंत पोहोचणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ हा तेवीसशे किलोमीटरांहून अधिक लांबीचा रस्ता होता. २०१० साली महामार्गांचे क्रमांक बदलले आणि त्या एका रस्त्याचे निरनिराळे तुकडे निरनिराळ्या क्रमांकांनी ओळखले जाऊ लागले. वाट मात्र तीच राहिली. प्रयाग येथे २०२५ च्या १३ जानेवारीपासून २६ फेब्रुवारीपर्यंत महाकुंभ भरला, तेव्हा महाराष्ट्रातून खासगी मोटारींनी आलेली असंख्य कुटुंबे तशीच पुढे काशीलाही जाऊन आली. कावडीची जागा डिकीतल्या प्लास्टिकच्या डब्यांनी घेतली आणि प्रवासाच्या दिवसाला रात्रही जोडली गेली.

अशाच एका कुटुंबाची कल्पना करावी. नागपूरचे पाच जण दुर्गाघाटावरील आपल्या परंपरागत उपाध्यायांकडे उतरले आहेत. स्नान, अभिषेक, श्राद्ध सारे यथासांग पार पडले आहे. परतीच्या दिवशी दुपारची भोजने आटोपता आटोपता चार वाजतात. घरातला तरुण मुलगा म्हणतो की, आताच निघाले तर सकाळच्या चहाला नागपुरात पोहोचू. वृद्ध उपाध्याय म्हणतात, "अहो, आजची रात्र येथेच काढा. पहाटे काकडआरती झाली की निघा." मोटार कशी चालवितात हे उपाध्यायांना ठाऊक नसेल, पण रात्र म्हणजे काय हे त्यांना ठाऊक आहे. तथापि तरुणाच्या कार्यालयाची रजा संपलेली असते आणि मंडळी निघतात.

येथे पहिली चूक होते ती वेळेच्या हिशेबाची. महाराष्ट्रातला माणूस सूर्यास्ताची वेळ आपल्या गावावरून मोजतो. कार्तिकाच्या मध्यास मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. काशीत तो सव्वापाचच्या आसपासच मावळतो, कारण काशी कितीतरी पूर्वेस आहे. घड्याळ साऱ्या देशाचे एक असले तरी अंधार प्रत्येक गावचा वेगळा असतो. मोटार गल्ल्यांच्या तोंडापासून निघून शहराच्या गर्दीतून बाहेर पडते तोच दिवे लावण्याची वेळ होते. संधिप्रकाशाची ही घटका सर्वांत फसवी असते. आकाशात उजेड असतो म्हणून चालकाला रस्ता दिसतो असे वाटते; परंतु सावळ्या कपड्यांतला पादचारी, दिवा नसलेली सायकल, मागे लाल काच नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली ही सारी त्याच वेळी रस्त्याच्या रंगात मिसळून गेलेली असतात. देशातील रस्ते अपघातांची सरकारी आकडेवारी हेच सांगते. २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली, आणि दिवसाच्या आठ प्रहरांत सर्वांत अधिक अपघात झाले ते संध्याकाळी सहा ते रात्री नऊ या तीन तासांत. म्हणून दिवा लावावयाचा तो स्वतःला दिसेनासे झाल्यावर नव्हे, आपण दुसऱ्याला दिसेनासे होण्यापूर्वी. दुचाकी वाहनांच्या बाबतीत तर हा निर्णय चालकाच्या हाती ठेवलेलाच नाही. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो, तो भर दुपारीही.

मोटारीच्या पुढच्या दिव्यात दोन झोत असतात. एक वरचा, दूरवर जाणारा. दुसरा खालचा, रस्त्यावर उतरलेला. खालच्या झोतात रस्ता साधारण चाळीस-पन्नास मीटर नीट दिसतो. वरच्या झोतात शंभर-दीडशे मीटर. प्रारंभीच्या मोटारींना असा भेद नव्हता. त्यांना कार्बाइडच्या वायूवर जळणारे दिवे असत. लग्नाच्या वरातीत ज्यांनी गॅसबत्त्या पाहिल्या आहेत, त्यांना तशा उजेडाची कल्पना येईल. पुढे विजेचे दिवे आले, तेव्हा उजेड इतका वाढला की तो समोरच्याला सोसेना. मग एकाच दिव्यात दोन तारा बसवून एक दूरसाठी, एक जवळसाठी, अशी योजना झाली. १९२५ च्या सुमारास युरोपात असे दुहेरी तारेचे दिवे आले. दिवा प्रखर करण्याच्या पाठोपाठ दिवा खाली करण्याची युक्ती शोधावी लागली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. भारतात एके काळी मोटारीच्या दिव्याच्या काचेवर काळ्या रंगाचा ठिपका किंवा पट्टा देत असत, त्यामागचा हेतूही तोच होता.

कायद्यानेही या दोन गोष्टी शेजारी शेजारी मांडल्या आहेत. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०५ वा नियम सांगतो की, अंधार पडल्यावर वाहनाच्या दिव्यांत १५५ मीटर पुढची माणसे व वाहने स्पष्ट दिसली पाहिजेत. लगेचचा १०६ वा नियम म्हणतो की, दिव्याचा झोत असा खाली वळविलेला असावा की, समोर ८ मीटरांवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत अशा माणसाला तो दिपवू शकणार नाही. दीड मीटर ही उंची कोणाची? रस्त्याने चालत येणाऱ्या सामान्य माणसाच्या डोळ्यांची. नियमाची भाषा रूक्ष असली तरी ती लिहिणाऱ्याच्या नजरेसमोर रस्त्याने पायी येणारा एक माणूस उभा होता, हे त्यातून स्पष्ट होते. पहिला नियम चालकाच्या डोळ्यांची काळजी घेतो आणि दुसरा समोरच्याच्या.

आता ती नागपूरची मोटार पुन्हा पाहू. तिचा चालक सज्जन आहे. तो शहरात खालचाच झोत ठेवतो. तरीही समोरून येणारे चालक त्याच्यावर दिवे उघडझाप करीत आहेत आणि त्याला कारण कळत नाही. कारण डिकीत आहे. गंगाजलाचे वीस-वीस लिटरांचे दोन डबे, प्रसादाच्या पेट्या, पितळेची भांडी, पाच माणसांच्या बॅगा आणि मागच्या बाकावर तिघे जण. एवढ्या ओझ्याने मोटारीचा मागचा भाग दबतो आणि पुढचे नाक वर उचलले जाते. नाकाबरोबर दिवेही वर होतात आणि खालचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत वरच्या झोतासारखा शिरतो. पुष्कळ मोटारींत यावर उपाय केलेला असतो. चालकाच्या उजव्या हाताशी शून्य, एक, दोन, तीन असे आकडे असलेली एक लहानशी फिरकी असते. जितके ओझे अधिक तितका मोठा आकडा लावावयाचा, की झोत तितका खाली येतो. कित्येक मोटारींत ती फिरकी मोटार विकत घेतल्यापासून शून्यावरच राहते. पुण्याचे ओझे घरी नेताना त्याचा ताप समोरच्याला होऊ नये, एवढ्यासाठी तरी ती एकदा फिरवावी.

पडावमार्गे रामनगर मागे टाकून मोटार मिर्झापूरच्या दिशेने लागते. अनेक ठिकाणी समोरासमोरची वाहतूक आणि मध्ये केवळ एक पांढरी रेघ. येथे वरच्या झोताची गरज खरोखरच असते. रस्ता मोकळा असेल, समोर कोणी नसेल, तर वरचा झोत न लावणे हाही निष्काळजीपणाच ठरतो. हिशेब साधा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदात १६ मीटरांहून अधिक पुढे जाते. ८० च्या वेगात २२ मीटर. काही दिसल्यावर मनाने ते ओळखून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक-दीड सेकंद जातो. मग चाके थांबावयास आणखी अंतर लागते. सारे धरून ६० च्या वेगात कोरड्या, चांगल्या रस्त्यावर मोटार थांबावयास पंचेचाळीस मीटरांच्या आसपास, आणि ८० च्या वेगात सत्तर मीटरांच्या आसपास जागा हवी. खालचा झोत तर चाळीस-पन्नास मीटरच दाखवितो. म्हणजे खालच्या झोतावर ८० च्या वेगाने जाणारा चालक आपल्या उजेडाच्या पुढे धावत असतो. त्याला जे दिसते त्यापूर्वी त्याला थांबता येत नाही. तेव्हा दिवा खाली केला की वेगही खाली आला पाहिजे. या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

आणि आता समोरून दिवे दिसू लागतात. प्रत्येक रात्री या देशाच्या रस्त्यांवर हजारो वेळा जो लहानसा झगडा होतो, तो येथे सुरू होतो. याचा झोत वर आहे आणि त्याचाही झोत वर आहे. याला वाटते की त्याने आधी खाली घ्यावा. त्यालाही तसेच वाटते. एक जण क्षणभर खाली घेऊन पुन्हा वर करतो, जणू विचारतो की तू का घेत नाहीस? दुसरा उत्तरादाखल आणखी दिवे पेटवितो. दोन्ही मोटारी ८० च्या वेगाने येत असतील तर तीनशे मीटरांचे अंतर सात सेकंदांत संपते. अभिमानाला तेवढा वेळ पुरतो. डोळ्याला पुरत नाही.

डोळ्याची रचनाच तशी आहे. अंधारात पाहण्याचे काम करणाऱ्या पेशींत एक नाजूक रंगद्रव्य असते. प्रखर प्रकाश पडताच ते विरते आणि पुन्हा साठण्यास वेळ लागतो. उजेडातून काळोखात गेल्यावर दृष्टी पूर्ण स्थिरावण्यास वीस-तीस मिनिटे लागतात. एका मोटारीच्या झोताने सारेच काही नाहीसे होत नाही. पण झोत निघून गेल्यावर काही सेकंद तरी रस्ता काळा पडद्यासारखा वाटतो. वय वाढेल तसा हा काळही वाढत जातो. मोतीबिंदूची सुरुवात झालेल्या माणसाला तर समोरच्या दिव्याभोवती प्रकाशाचा पिसाराच दिसतो. त्या काही सेकंदांत मोटार साठ-सत्तर मीटर पुढे जाते आणि ते अंतर आंधळ्याने चाललेले असते. त्या अंतरात एखादा शेतकरी सायकलवरून घरी जात असतो, किंवा रस्त्याच्या कडेने एखादी बाई मूल कडेवर घेऊन चाललेली असते. त्या दोन चालकांच्या झगड्यात त्यांचा काहीच भाग नसतो; परंतु त्याची किंमत बहुधा त्यांनाच द्यावी लागते.

समोरच्याने दिवा खाली घेतला नाही म्हणून आपणही घ्यावयाचा नाही, हा विचार न्यायाचा वाटतो. पण तो हिशेबात टिकत नाही. समोरचा एकटाच दिपविणारा असेल तर रस्त्यावर एक आंधळा असतो. त्याला धडा शिकविण्यासाठी आपणही दिपविले तर रस्त्यावर दोन आंधळे होतात, आणि दुसरा आंधळा थेट आपल्याच अंगावर येत असतो. ज्याला आपण दिपविले त्याच्या हातातले चाक त्या क्षणी आपल्याच जिवाचे रक्षण करीत असते. म्हणून जो आधी पाहील त्याने आधी दिवा खाली घ्यावा. समोरच्याने घेतला तर ठीक. न घेतला तर नजर त्याच्या दिव्यांवर न ठेवता रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या रेघेवर न्यावी, वेग उतरवावा आणि त्याला जाऊ द्यावे. तसेच, पुढे कोणी चालले असेल तर त्याच्या मागे येतानाही झोत खालीच असावा. कारण पुढच्याच्या आरशातून तो उजेड त्याच्याच डोळ्यांत शिरतो.

मालमोटारींच्या पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' या शब्दांच्या सोबतीने 'यूज डिपर ॲट नाईट' हे वाक्यही वर्षानुवर्षे रंगविलेले दिसते. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने पहिल्या वाक्याला मनाई केली, कारण ते विनाकारण कर्णा वाजविण्यास उत्तेजन देते. दुसऱ्या वाक्याला हरकत घेण्याचे कारण कोणालाच सापडणार नाही. रात्ररात्र रस्त्यावर काढणाऱ्या माणसांनी आपल्या अनुभवाचे सार ज्या तीन-चार शब्दांत लिहून ठेवले आहे, त्यातला हा एक उपदेश आहे. मात्र डिपरची उघडझाप ही एक भाषा आहे आणि तिचा अर्थ सर्वत्र एकच नाही. कोणी तिचा अर्थ 'तुम्ही या' असा लावतो, तर आपल्याकडे बहुतांशी तिचा अर्थ 'मी येतो आहे, थांबा' असा होतो. ज्या भाषेचा अर्थ दोघांना निरनिराळा कळतो, तिच्यावर जीव टांगू नये.

मिर्झापूरच्या पुढे ड्रमंडगंजची घाटी चढून रस्ता रेव्याकडे जातो. घाटात दिव्याची आणखी एक मर्यादा कळते. रस्ता वळतो, पण दिवा सरळच जातो. वळणावर झोत दरीवर किंवा डोंगरावर पडतो आणि जेथे खरोखर पाहावयाचे तेथे अंधार असतो. म्हणून आंधळ्या वळणाआधी एकदा झोत खाली-वर करून आपण येत असल्याची वर्दी द्यावी, वेग कमी ठेवावा आणि समोरचा दिसताच झोत खाली आणावा.

पौष-माघात याच पट्ट्यात धुके दाटते. गंगेकाठच्या मैदानात डिसेंबर-जानेवारीत कित्येक रात्री पुढचे पाऊलही दिसत नाही. अशा वेळी नवख्या चालकाचा हात सहज वरच्या झोताकडे जातो, आणि तेथेच तो फसतो. धुके म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे कण. वरचा झोत त्या कणांवर आदळून परत चालकाच्याच डोळ्यांत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. दिवा जितका प्रखर, तितकी ती भिंत जाड. धुक्यात खालचा झोत आणि बंपरजवळ बसविलेले धुक्याचे दिवे, एवढेच उपयोगी पडतात. तेवढ्यानेही दिसेनासे झाले तर रस्त्यापासून दूर, एखाद्या ढाब्याच्या अंगणात मोटार उभी करावी. विष्णुभटांच्या काळची धर्मशाळा आता ढाब्याच्या रूपाने उरली आहे असे समजण्यास हरकत नाही.

अलीकडे बाजारात मिळणाऱ्या निळसर-पांढऱ्या प्रखर दिव्यांविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. मोटारीच्या दिव्याचा आरसा ज्या दिव्यासाठी घडविलेला असतो, त्याच दिव्याचा उजेड तो नीट आखून खाली पाठवितो. हॅलोजनसाठी घडविलेल्या आरशात दुसऱ्याच जातीचा दिवा बसविला की उजेड वाढतो, पण त्याची आखणी मोडते. खालचा झोत खाली राहतच नाही, चहूकडे सांडतो. याउलट दिव्याची पिवळी पडलेली काच स्वच्छ करणे आणि समोरच्या काचेवरील धूळ आतून-बाहेरून पुसणे, या दोन अगदी स्वस्त गोष्टींनी चालकाला जे दिसते ते महागड्या दिव्यानेही दिसत नाही.

सिवनी ओलांडून नागपूरकडे येताना रस्ता पेंचच्या जंगलातून जातो. या जंगलातून वाघ, चितळ, सांबर यांची ये-जा असल्यामुळे रुंद केलेला महामार्ग जागोजागी उंच उचलून त्याखालून प्राण्यांना वाट ठेविली आहे, आणि वाहनांचा आवाज व दिव्यांचे झोत जंगलात शिरू नयेत म्हणून कित्येक ठिकाणी रस्त्याच्या कडांना आडोशाच्या भिंती उभ्या केल्या आहेत. खालच्या वाटांनी वाघांसह अनेक प्राणी जाताना कॅमेऱ्यांनी टिपले आहेत. रात्रीचे जनावर प्रखर दिव्यासमोर पळत नाही. ते दिपून जागच्या जागी उभे राहते. त्याच्यासाठी भिंत बांधावी लागली, कारण त्याला चालकाशी बोलता येत नाही. महामार्गांच्या मधल्या दुभाजकावर कण्हेर लावतात, त्याचाही एक उपयोग हाच असतो. ती झुडपे समोरच्या बाजूचे झोत अडवितात. जनावरांसाठी भिंत आली, दुभाजकावर कण्हेर आली. ज्या रस्त्यावर यांपैकी काहीच नाही, तेथे हे काम चालकाच्या एका बोटाला करावयाचे आहे. स्टिअरिंगच्या बाजूची ती लहानशी दांडी एका बोटाने हलते.

त्या नागपूरच्या मोटारीने पहाटे सुखरूप घर गाठले असे धरू. वाटेत तिला किती जणांनी दिवा खाली घेऊन जाऊ दिले, याची मोजदाद कोणी ठेविली नसेल. ज्यांनी दिवे खाली घेतले त्यांची तोंडे तिच्यातल्या कोणी पाहिली नाहीत, आणि त्यांनीही तिच्यातल्यांची पाहिली नाहीत. रात्रीच्या रस्त्यावरचा शिष्टाचार असाच असतो. त्याला साक्षीदार नसतो आणि त्याबद्दल कोणी आभार मानीत नाही. तो घडतो तेव्हा काहीच होत नाही, आणि काहीच न होणे हेच त्याचे फळ असते.

दुर्गाघाटाच्या शेजारी पंचगंगेवर त्या पहाटे आकाशदीप अजून जळत असतील. जे गेले त्यांच्यासाठी दिवा उंच चढवावयाचा, ही रीत तेथील लोकांनी श्रद्धेने सांभाळली आहे. जे अजून वाटेवर आहेत आणि समोरून येत आहेत, त्यांच्यासाठी दिवा खाली उतरवावा लागतो. ही रीतही तितक्याच श्रद्धेने पाळली गेली, तर पुष्कळ घरांना आकाशदीप लावण्याची वेळ उशिरा येईल.